कंबर तलावातला शिकारी

चंद्रव्वाने पोह्यांची बशी अर्धीच खाऊन खाली ठेवली, आणि चाळीतल्या त्या खोलीत सगळ्यांच्याच घशात पोहे अडकले.

"परत सांगा पाव्हणं," ती म्हणाली. "डोळं न्हाईत म्हणता?"

"न्हाईत, आज्जी," सिद्धाप्पा म्हणाला.

"डोकं?"

"तेबी न्हाई."

"आन् दोरा फेकून शिकार करतंय."

"विषाचा दोरा," सिद्धाप्पा म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. बायको शिवम्मा कोपऱ्यातून त्याला 'पुरे' अशी खूण करत होती, पण ती त्याला कुठली दिसायला!

तसं सगळं छान जुळत आलं होतं. चंद्रव्वा दुधनीहून आपल्या नातवाला, मायाप्पाला घेऊन सिद्धाप्पाची मुलगी बघायला आली होती. मायाप्पा तिथल्या अडतीत तोलाईचं काम करायचा. बोलायला कमी, पण हसला की अख्खा हसायचा. विजयमालेने चहा दिला तेव्हा त्याने कप घेतला, संपवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "अजून एक मिळंल का?" ती आत गेली आणि चुलीपुढे एकटीच हसत बसली. दुसरा कप तिने काठोकाठ भरला.

मग चंद्रव्वाने साधा प्रश्न विचारला, "पाव्हणं, तुमी काय काम करता?"

सिद्धाप्पा मूळचा वळसंगचा. एकोणीस वर्षं तो कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. 'कॉलेजात नोकरी हाय' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण त्याला कामाचं कुणी विचारायचीच खोटी, तो बोलता बोलता शहराजवळच्या कंबर तलावात उतरायचा आणि तिथून विद्यार्थ्यांना दाखवायचा हायड्रा घेऊनच वर यायचा. आजही तसंच झालं. दोऱ्याएवढा जीव, कमळाच्या देठाला लोंबकळतो, सहा हात पसरतो, आणि हाताला कुणी शिवलं की मारतो.

त्यात दारातून शेजारची बजाबाई बोलली, "आमचं सिद्धाप्पाभाऊ लई रंगवून सांगत्यात. अख्खी चाळ हसती." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मिठाचा खडा दुधात पडायला वाईट मन कशाला लागतं?

चंद्रव्वाने पदर सावरला. "माझ्या लेकीच्या सासऱ्यानं असंच रंगवून सांगितलं हुतं. बारमाही विहीर हाय म्हणाला. पोर नांदायला गेली तर आड कोरडा. सोळा वरसं तिनं डोईवर पाणी वाह्यलं. मानेवर घट्टा पडलाय, तो मी दर दिवाळीला बघती." ती उठली. "पोरगी गुणाची हाय. पर बाप खोटं बोलणारा असंल तर त्या घरची सोयरीक मला नगं. खोटं एक असो का शंभर."

"आज्जी," सिद्धाप्पा म्हणाला, "मी खोटं बोललो न्हाई."

"मग दाखवा की."

"दाखवतो. पुढच्या रविवारी या. कॉलेजात. तुमच्या डोळ्यानं बघा."

"आन् न्हाई दिसलं तर?"

सिद्धाप्पाने लेकीकडे पाहिलं. ती खाली बघत होती, पण तिने मान हलवली. होकाराची, एकदाच.

"न्हाई दिसलं तर सुपारी तुमच्या पिशवीत ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

*

शहात्तर सालचा माघ होता. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उठून गेली होती, पण चाळीतली पोरं अजून जत्रेतल्या पिपाण्या वाजवत हिंडत होती.

विजयमाला घरी बसून हातमागवाल्यांसाठी कांड्या भरायची. एका हाताने रहाट फिरवायचा, दुसऱ्या हाताने सूत धरायचं, आणि सूत धावत धावत कांडीच्या पोटात जाऊन बसायचं. ती भरलेली कांडी धोट्यात जाणार, धोटा मागावर पळणार आणि त्यातून चादर उतरणार. लहानपणापासून ती बापाची गोष्ट ऐकत आली होती. झोपताना, आजारात, लाईट गेल्यावर. तिला ती तोंडपाठ होती. पण तिने तो जीव कधी पाहिला नव्हता. विश्वास मात्र होता, असं ती स्वतःला सांगायची. या आठवड्यात रहाट फिरवताना तिच्या ध्यानात आलं, की विश्वास होता तो बापावर. हायड्रा खरा की खोटा हे तिने स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

रहाटाबरोबर ओवी फिरायला लागली:

*बापाचा गं माझ्या बोल, माझ्या ओटीत पडला*
*पाण्याच्या गं पोटातून, काढ देवा जो दडला*

"आप्पा," तिने संध्याकाळी विचारलं, "त्यो दोरा कुटं ठिवतो त्यो?"

सिद्धाप्पाने तिच्या टोपलीतली एक कांडी उचलली. "ही बघ. अशीच. फकस्त एवढी बारीक की सुईच्या टोकावर गाव वसंल. त्याच्या हातावर असल्या हजारो कुप्या. परत्येक कुपीत दोरा गुंडाळलेला. कुपीच्या तोंडाशी एक केस. त्या केसाला कुणी धक्का लावला की झाकण उडालं, आन् दोरा भाईर!"

"सुटून येतो?"

"सुटून न्हाई. उलटा हून येतो. तू झंपर काढतीस तवा बाही कशी उलटी हून निघती? तसा. आतला भाग भाईर, भाईरचा आत. आन् इतका चटकन, की 'चट' म्हणायलाबी येळ मिळत न्हाई."

"आन् परत आत घेतो?"

"छ्या! एकदा उडाला की संपला. कुपी रिकामी. मग नवी भरायची." तो हसला. "तुझ्यासारखंच काम हाय त्याचं. बसायचं आन् कांड्या भरायच्या."

त्याने समुद्रातल्या थोरल्या भावंडांचंही सांगितलं. प्रयोगशाळेच्या कपाटात बरणीत एक जेलीफिश होता, प्राणिशास्त्राच्या सरांनी कोकणातून आणलेला. लुगड्याच्या घोळासारखा, पांढुरका. "त्याच्याबी अंगात ह्याच कुप्या. सर म्हणत्यात, मरून किनाऱ्याला पडला तरी हात लावू नगा. जीव जातो, पर कुपीतला दोरा जागाच ऱ्हातो."

"अवो, पाव्हण्यांना ते नगा सांगू," शिवम्मा आतून म्हणाली. "आधीच एक पुरं झालंय."

*

शनिवारी दुपारी सिद्धाप्पा कंबर तलावात उतरला. एकोणीस वर्षांचं ठरलेलं ठिकाण: काठापासून कमरेएवढ्या पाण्यात, जिथे कमळाची पानं दाटीने होती. देठ आणि पाणवनस्पती त्याने काचेच्या बरणीत घेतल्या, घरी आणून खिडकीत ठेवल्या. तासाभराने बरणीच्या उजेडाकडच्या अंगाला दहा-बारा बारीक धागे लोंबत होते. त्याने मोजले, हात जोडले, आणि शिवम्माला सांगितलं, "हिला धक्का लागू देऊ नगं. उद्या येताना जपून घिऊन ये." मग तो सरांकडे किल्ली मागायला गेला. सरांनी किल्ली दिली आणि म्हणाले, "सिद्धाप्पा, माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा तुमचं प्रात्यक्षिक अवघड आहे."

रविवारी भल्या सकाळी अंधारातच तो पुढे गेला. प्रयोगशाळा झाडली, टेबल पुसलं, सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीतल्या उन्हाकडे वळवला. दुधनीच्या गाडीने चंद्रव्वा आणि मायाप्पा आले. पाठोपाठ शिवम्मा आणि विजयमाला. शिवम्माच्या कमरेवर कळशी होती, तिच्यावर धुतलेलं फडकं.

"बरणी कुटं हाय?" सिद्धाप्पाने विचारलं.

"लोणच्याची बरणी? सोयऱ्यांपुढं?" शिवम्मा हळूच म्हणाली आणि तिने फडकं काढलं. खाली तांब्याची कळशी होती. चिंचेने घासलेली, लखलखीत, गळ्याला हळदीकुंकवाची बोटं. "माझ्या म्हायेरची हाय. रातच्याला तुमी झोपल्यावर वतून ठिवलं, देठं-बिठं सगळं. बरणी राखंनं घासून उपडी घातली."

सिद्धाप्पाला तिच्या हौसेचं हसू आलं. सर नेहमी 'काचेतच आणा' म्हणायचे. का, ते त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याने ड्रॉपरने थेंब घेतला, काचपट्टीवर टाकला, भिंगातून पाहिलं.

काही नाही.

दुसरा थेंब. तिसरा. एक देठ उचलून त्याने उन्हात धरला. देठावर शेंबडासारखा करडा ठिपका होता, बोट लावलं तर विरघळला. तलावाच्या पाण्याबरोबर आलेल्या बारीक पाणपिसवाही तळाशी मरून पडल्या होत्या. दहावा थेंब. पंधरावा. विजयमाला बापाच्या पाठीकडे बघत होती. शर्ट हळूहळू घामाने अंगाला चिकटत होता.

"काय दिसतंय?" चंद्रव्वाने विचारलं.

सिद्धाप्पा सरळ झाला. "काल हुते, आज्जी. मी मोजले. आज... एकबी न्हाई."

चंद्रव्वा रागावली नाही, आणि तेच वाईट होतं. तिने पिशवी उचलली. "काल हुते," ती थकून म्हणाली. "लेकीच्या सासऱ्याच्या विहिरीलाबी मागल्या साली पाणी हुतं. चल मायाप्पा."

"आज्जी, थांब की जरा," मायाप्पा म्हणाला.

"कशाला थांबू?"

शिवम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझंच चुकलं असंल. मी हलवलं, वतलं... पर किती जपून! तांब्यासारखं शुद्ध भांडं न्हाई म्हणून तांब्यात..."

"तांब्यात?" चंद्रव्वा दारातून वळली. तिचं लक्ष कळशीकडे आत्ता गेलं. "अय्यो! तांब्यात घातलं? रातभर?"

"व्हय."

"अगं यव्वा, तुला आईनं काय शिकिवलं का न्हाई? तांब्यात पानी कशाला ठिवत्यात? त्यात किडा-मुंगी जगू नये म्हणून! आमच्या दुधनीत आडाचं पानी गढूळ झालं की मी तांब्याच्या घागरीत रातभर ठिवती, सकाळी त्यात वळवळणारं एक काय दिसायचं न्हाई. आन् तू जिता जीव नेऊन तांब्यात घातलास? मरंल न्हाई तर काय हुईल त्यो!"

ती बोलली आणि थांबली. खोलीतले सगळे तिच्याकडे बघत होते.

मायाप्पा हसायला लागला. आधी गालात, मग अख्खा. "म्हंजी जीव हुता म्हणतीस, आज्जी."

"मी कुटं म्हणलं?"

"आता म्हणलीस. मरंल न्हाई तर काय. नसलेला जीव मरतो व्हय?"

चंद्रव्वाने नातवाकडे पाहिलं, कळशीकडे पाहिलं, आणि पिशवी टेबलावर आपटली. "गाडी कितीला हाय?"

"चारला."

"मग उभं काय ऱ्हायलात? तळं कुटं हाय ते दावा. आन् भांडं मी धरणार. तुमच्यापैकी कुणावर माझा भरोसा न्हाई."

*

कंबर तलाव त्या दिवशी निळा होता. कमळं उघडली होती, आणि काठावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून ही वरात बघत राहिल्या: पुढे काचेचा जार पोटाशी धरलेली सत्तरीची म्हातारी, मागे चौघं.

चंद्रव्वाने लुगड्याचा काचा मारला आणि कुणी 'नको' म्हणायच्या आत पाण्यात उतरली.

"आज्जी, गाळ हाय!"

"सात बाळंतपणं काढली मी, गाळाला भिती व्हय? कंचा देठ? ह्यो?"

"त्यो न्हाई. पानाखालचा. हळूच. त्याला धक्का लागला की त्यो आकसून मोहरीएवढा हुतो, मग दिसत न्हाई."

"लाजरा हाय म्हणा की. आमच्या मायाप्पावानी."

काठावर उभी असलेली विजयमाला फिसकन हसली. मायाप्पा तिच्या शेजारी, दोन हात अंतर राखून उभा होता. पाण्याकडे बघतच तो म्हणाला, "तुमी पाह्यलाय का कदी?"

"न्हाई," ती म्हणाली. मग खरं ते बोलायचं ठरवून म्हणाली, "भीती वाटती. नसलाच तर?"

"माझी आज्जी कमरेएवढ्या पाण्यात उतरली," मायाप्पा म्हणाला. "आता नसला तरी तिला काढावाच लागंल."

देठ जारात आले, पाणी आलं, पाण्याबरोबर पिसवांसारखे उड्या मारणारे बारीक जीव आले. जार प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवला. सिद्धाप्पा म्हणाला, "आता गप बसायचं. त्याला वाटलं पाहिजे की कुणी न्हाई."

पाच माणसं स्टुलांवर गप बसली. चंद्रव्वाच्या लुगड्यातून पाणी फरशीवर ठिबकत होतं. पाच मिनिटं ती कशीबशी गप्प राहिली.

"झोपला असंल का?"

"शूऽऽ, आज्जी."

"न्हाई, इचारलं."

दोन वाजले. अडीच वाजले. जारात हिरवं पाणी, हिरवे देठ, दुसरं काही नाही. सिद्धाप्पाने डोळे मिटले होते. त्याला आत्ता एवढंच कळत होतं, की लेकीच्या संसाराच्या मधे तो स्वतःचं बोलणं घेऊन आडवा उभा राहिला होता.

"आप्पा," विजयमाला कुजबुजली. "ह्यो काय?"

देठाच्या कडेला सुताचं टोक सुटावं तसं काहीतरी होतं. ते लांबलं. आणखी लांबलं. मग टोकाशी उकललं: एक पदर, दुसरा, तिसरा, इतके बारीक की श्वास लागला तर विरतील. पाण्यात ते संथ डोलायला लागले.

सिद्धाप्पाने ड्रॉपर घेतला. तो धागा त्याने पाण्यासकट हळूच ओढून काचपट्टीवर उतरवला.

*

"हितं डोळा लावा. दुसरा मिटा."

"केस दिसतोय. लई मोठा केस."

"त्यो तुमच्याच पापणीचा, आज्जी. जरा मागं व्हा. आता?"

चंद्रव्वाने मान जरा मागे घेतली. तिला दिसलं ते असं.

उजेडाचं एक तळं होतं. त्यात एक झाड उभं होतं, काचेचं असावं तसं, आणि झाडाला लांब फांद्या, फांद्यांवर मण्यांसारख्या गाठी. झाड हलत होतं. कुणी वारा घालत नसताना हलत होतं. पलीकडून एक पाणपिसू उड्या मारत आली, भोळी, आपल्याच नादात. तिचा पाय एका फांदीला लागला.

"अगं बया!" चंद्रव्वा ओरडली.

पिसू फडफडली. एकदा, दोनदा. मग जिथल्या तिथे थांबली. दुसरी फांदी वळून आली, तिसरी आली, आणि तिघींनी मिळून तिला हळूहळू आत ओढलं. मधोमध एक तोंड उघडलं, जिथे तोंड असेल असं वाटलंही नव्हतं.

"खाल्लं," ती म्हणाली. "अख्खं खाल्लं. डोळं न्हाईत, डोकं न्हाई, आन् अख्खं खाल्लं की वो!"

"दोरा अजून दिसला न्हाई तुमाला," सिद्धाप्पा म्हणाला. आता त्याला कुणी थांबवू शकत नव्हतं. त्याने जारातला दुसरा हायड्रा दुसऱ्या काचपट्टीवर घेतला, मोठं भिंग फिरवलं, काचेच्या कडेला आम्लाचा थेंब सोडला. "आता बघा. कुप्या बघा. तांदळाच्या कणीवानी दिसतील."

"दिसल्या. भरल्यात. आत गुंडाळलंय कायतरी... उडाला! ह्यो उडाला! त्यो बघ दुसरा! अय्यो, दिवाळी लागली की हितं!" ती टेबलावर थापा मारत होती. "शिवम्मा, तुझ्या नवऱ्याचा दोरा उडाला गं!"

शिवम्मा पदर तोंडाला लावून रडत होती की हसत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आज्जी, आता आमाला बघू दे की," मायाप्पा म्हणाला.

"थांब. पहिलीच काच लावा परत. मला मोजायचंय."

पहिली काचपट्टी परत आली. चंद्रव्वाचे ओठ पुटपुटत होते. मग ती सावकाश उठली, कमरेवर हात ठेवला आणि सिद्धाप्पाकडे रोखून पाहिलं.

"पाव्हणं, तुमी खोटं बोललात."

शिवम्माने तोंडावरचा पदर खाली घेतला.

"तुमी म्हणलात सहा हात. ह्याला सात हायत."

सिद्धाप्पाने घाईने डोळा लावला. मोजले. "व्हय, सात हायत. आज्जी, कुणाला पाच असत्यात, कुणाला सात. बहुतेकांना सहा, म्हणून मी..."

"मग तसं सांगायचं. आमी दुधनीची माणसं, एक हात कमी-जास्ती झाला तर मोजून घेतो." तिने पिशवीत हात घातला आणि सुपारी काढून सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवली. "अडकित्ता हाय का कुणाकडं?"

अडकित्ता नव्हता. मायाप्पाने सुपारी प्रयोगशाळेच्या दाराच्या बिजागरीत धरली आणि दार ओढलं. कट्ट! दोन खांडं फरशीवर उडाली, आणि ती शोधायला सगळे एकदम खाली वाकले. डोक्यावर डोकी आपटली. एक खांड शिवम्माला सापडलं, दुसरं जेलीफिशच्या कपाटाखालून मायाप्पाने काढलं.

चारची गाडी केव्हाच गेली होती.

"आता रातच्या गाडीशिवाय जाणं न्हाई," चंद्रव्वा म्हणाली. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. दुसरीच चिंता लागली होती. "पर पाव्हणं, दुधनीत जाऊन मी हे सांगितलं, की डोळं न्हाईत, डोकं न्हाई, दोरा फेकतंय... तर मला कोण खरं म्हणंल? आमची अख्खी आळी म्हणंल, म्हातारी बोलाय लागली की थांबत न्हाई."

"मग घिऊन या सगळ्यांना," सिद्धाप्पा म्हणाला. "वऱ्हाड किती माणसांचं?"

"साठेक."

"साठ माणसं, आन् डोळा लावायला एकच नळी." तो हिशोब करत होता, अगदी मनापासून. "एकाला पाच मिनिटं धरली तर सकाळपासनं बसवाय लागतील. अक्षता संध्याकाळच्या धरू."

"अवो!" शिवम्मा ओरडली.

पण चंद्रव्वा मान डोलवत होती. तिच्या ओठांवर शब्द जुळायला लागले होते, आणि टेबलावर बोटांनी ताल धरत तिने ते म्हणून टाकले:

*डोळा न्हाई, डोई न्हाई, सात हात गं पसरी*
*पाण्याच्या पाळण्यात, जागी सुताची कट्यारी*

तेवढ्यात सगळ्यांना कळलं, की विजयमालेने अजून पाहिलंच नव्हतं. सिद्धाप्पाने स्टूल पुढे ओढलं. ऊन कलत होतं, म्हणून मायाप्पाने न सांगताच आरसा थोडा खिडकीकडे फिरवला.

"आता उजेड आला का?" त्याने विचारलं.

"आला," ती म्हणाली, आणि डोळा लावला.

ती खूप वेळ तशीच बसली. कुणी तिला घाई केली नाही.